समोरच्या दुकानात ठेवायचं सामान

खडकदरी, ता. औंढा नागनाथ
२ ऑक्टोबर २०२४

रुपा,

आजवर मी तुला फक्त चिठ्ठ्या पाठवल्या. साखर दोन किलो, पोहे एक किलो, उदबत्तीचा पुडा. आठ वर्षं झाली, संतराम भावजी त्या चिठ्ठ्या टोपीत खोवून रस्ता ओलांडतात आणि सामान घेऊन परत येतात. नवरा तुझा, पण आपल्या दोघींचा पोस्टमन झाला बिचारा. आज पहिल्यांदा पत्र लिहिते आहे, कारण काम यादीत मावणारं नाही. नागनाथाच्या पायरीवर आपण शपथ घेतली ती तोंडाने न बोलण्याची. लिहू नये असं कोणी म्हटलं नव्हतं, तेव्हा देवाला मध्ये आणू नकोस.

माझा बालाजी दिवाळीला येतो म्हणाला आहे. मंजुषा आणि पोरगी, दोघींना घेऊन. राजनंदिनी पाच वर्षांची झाली आणि मी तिला अजून पाहिलेलं नाही. ती वर्षाची असतानाचा एक फोटो तेवढा माझ्याकडे आहे. बारशाला गुडघ्यांमुळे जाता आलं नाही, ते तुला ठाऊकच आहे.

आता सूनबाईंचं म्हणणं असं, की पोरगी भाकरी खात नाही, वरण खात नाही. तिला लागतात त्या वस्तू गावातल्या दुकानात मिळत असतील तरच पुण्याहून निघायचं. मी म्हटलं, बरोबर घेऊन या. तर म्हणाली, मध्येच संपलं तर काय करायचं? मोठ्या शाळेत शिकलेली बाई, तिच्याशी कोण वाद घालणार.

तर तू एवढं आणून ठेव: कॉर्नफ्लेक्स, चीजच्या चकत्या, खोक्यातलं दूध आणि शेंगदाण्याचं बटर. हे शेवटचं काय असतं ते मला विचारू नकोस. थंड बाटल्यांच्या फ्रीजमध्ये चीज राहील. गावात दुसरं दुकान असतं तर तुला लिहिलं नसतं.

मनकर्णा


५ ऑक्टोबर २०२४

जाऊबाई,

तुम्हाला वाकून नमस्कार लिहिते. कागदावर वाकायला कंबर दुखत नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा दुकानात पाच-सहा माणसं होती. एवढं लांब पत्र पाहून सगळ्यांना उत्सुकता लागली, मग मोठ्याने वाचलं. तांड्यावरचा भीमसिंग तेल घ्यायला आला होता. तो म्हणाला, "शेंगदाण्याचं लोनी डब्यात भेटतं व्हय? मंग आमी म्हस काहून पोसून राहिलो?" लोक पोट धरून हसले. तुम्हाला ऐकू गेलंच असेल, रस्ता तो केवढा.

सामान आणायला माझी ना नाही. एजन्सीचा माणूस अख्ख्या खोक्यापेक्षा कमी देत नाही. चोवीस डबे घ्यावे लागतील आणि त्यातले तेवीस उंदीर खातील. तो तोटा मी सोसते. मला तुमच्याकडून एक कागद पाहिजे.

बालाजीच्या लग्नात तुम्ही मला भरल्या पंगतीतून उठवलं. तुम्हाला ते आठवतच नाही असं तुम्ही आठ वर्षं सांगत फिरता. आता ते तुमच्या हाताने लिहून द्या, आणि चुकलं म्हणून खाली सही करा. कागद आला की दुसऱ्या दिवशी हे हिंगोलीला जातील.

तुमची धाकटी जाऊ,
रुपा


६ ऑक्टोबर २०२४

रुपा,

तू माझं पत्र लोकांत वाचलंस. हसणं माझ्या ओट्यापर्यंत आलं, भीमसिंगाचं तर ओळखू आलं. दुसऱ्या कशासाठी असतं तर मी मीठसुद्धा औंढ्याहून आणवलं असतं. पण लेकराच्या खाण्याचा प्रश्न आहे, म्हणून गिळते. हा घे तुझा कागद:

"बालाजीच्या लग्नात, वसमतला, रुपा पंगतीत बसली होती. तिच्या पानावर सगळं वाढून झालं होतं आणि तिने पहिला घास उचलला होता. व्याह्यांची माणसं जागेसाठी ताटकळत होती, म्हणून मी तिला दंडाला धरून उठवलं. तिचं पान मी स्वतः उचलून बाहेर टाकलं. ती जेवल्याशिवाय गावी परत आली. हे माझं चुकलं. मनकर्णा."

घास उचललेला मला त्या वेळीही दिसला होता. आता तरी सामान आण.

मनकर्णा


२० ऑक्टोबर २०२४

जाऊबाई,

सामान आलं. हिशेब नंतर पाहू, आधी मांडणी बघा. दारासमोरची फळी रिकामी करून त्यावर ओळीने लावलं आहे. वरच्या लाकडाला तुमचा कागद चिकटवला आहे. गिऱ्हाईक आधी खोक्यांकडे पाहतं, मग कागदाकडे पाहतं, मग तुमच्या घराकडे पाहतं. ज्याला वाचता येत नाही त्याला मी वाचून दाखवते.

तुमच्या सुनेला फळीचा फोटो हवा होता म्हणून यांनी बालाजीकडून तिचा नंबर घेतला. मी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. कागद फोटोत येऊ दिला नाही, तेवढं मला कळतं. मंजुषाने लगेच हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि मला काकू म्हणाली. मुलगी गोड आहे हो. तुमचं आणि तिचं का जमत नाही कोण जाणे.

रुपा


६ नोव्हेंबर २०२४

रुपा,

दिवाळी झाली. मी पाच दिवस रोज सडा घातला, रोज भाजी जास्त केली, आणि पाचव्या दिवशी सगळं गाईपुढे टाकलं. बालाजीचा फोन भाऊबीजेला आला. पोरीच्या शाळेचं काहीतरी निघालं म्हणे. सुट्टीत शाळेचं काय निघतं ते मला कळलं नाही, पण मी विचारलं नाही. विचारलं की तो फोन ठेवतो.

मंजुषाने आणखी सांगितलं आहे. मखाने पाहिजेत, ओट्सची बिस्किटं पाहिजेत, आणि पिण्याच्या पाण्याचा मोठा जार. आपल्या हापशाचं पाणी पोरीला बाधेल. एवढं सगळं आलं की संक्रांतीला नक्की येतो म्हणाले. तू मागव. कागद तुझ्याकडे आहेच, वाटलं तर आणखी एक लिहून देते.

तो फळीवरून काढ असं मी म्हणणार नाही. पण काल शेजारची निलम वहिनी तो वाचून माझ्या तोंडावर हसून गेली.

मनकर्णा


८ नोव्हेंबर २०२४

जाऊबाई,

मखाने मागवते. पाण्याचा जार औंढ्याच्या गाडीवाल्याला सांगते. पण तुम्ही एवढ्या शहाण्या बाई, आणि एवढं कसं दिसत नाही? जी वस्तू माझ्या दुकानात नाही तीच तिला लागते. मी चीज ठेवलं तर मखाने लागतात. मखाने ठेवले तर आणखी काही लागेल. मी उद्या पुण्याचं अख्खं दुकान उचलून इथे आणलं तरी त्यात नसलेलं काहीतरी ती शोधून काढील.

आणि गुडघ्यांचं म्हणाल, तर तुमचे गुडघे दुखायला लागले त्याला दोन वर्षं झाली. बारसं पाच वर्षांपूर्वी झालं. तेव्हा तुम्ही कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन नाला ओलांडत होता, मी याच दुकानातून बघितलं आहे. वसमतहून निरोप आला तेव्हा तुम्ही पाळण्याचं सामान पिशवीत भरत होता. पोरगी झाली म्हटल्यावर पिशवी तिथेच रिकामी केलीत आणि म्हणालात, "पोरीसाठी कोन भाडं खर्चून जाते?" निरोप घेऊन आलेला माणूस मंजुषाच्या माहेरचा होता. त्याने तिथे जाऊन शब्दाला शब्द सांगितला.

हे मला मंजुषानेच सांगितलं. आम्ही आता रोज बोलतो.

रुपा


१४ जानेवारी २०२५

रुपा,

भावजींच्या हाती तिळगूळ पाठवला आहे. गोड बोल म्हणायची सोय नाही, नुसताच खा.

संक्रांतीलाही आले नाहीत. तुझ्या मागच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं. मी तसं म्हणाले होते. मला नातू पाहिजे होता, आणि तेव्हा मला वाटायचं की मला पाहिजे ते देवालाही द्यावंच लागतं. नंतर जीव तुटला तेव्हा जायची लाज वाटली, आणि लाज वाटत राहिली तेवढ्यात पोरगी पाच वर्षांची झाली. बालाजीजवळ हे मला बोलता येत नाही. तुझ्याजवळ लिहिता येतं, कारण तुला मी आधीच नकोशी आहे.

पण एक पक्कं कळलं आहे. मार्चमध्ये मंजुषाच्या भावाच्या लेकराचं जावळ वसमतला आहे. तिथून नागनाथाच्या दर्शनाला जाणार, म्हणजे रस्ता आपल्या दारावरून. बालाजी स्वतः म्हणाला, "माय, जाता जाता थांबू." तोवर फळी रिकामी होऊ देऊ नकोस. जुन्या डब्यांची तारीख गेली असेल तर नवे मागव.

मनकर्णा


११ मार्च २०२५, सकाळी ११

जाऊबाई,

बालाजी आला आहे. दुकानात आहे, पोरगी पायरीवर आहे. लगेच या.

रुपा


११ मार्च २०२५, संध्याकाळ

रुपा,

तुझी चिठ्ठी मला सहा वाजता मिळाली. भावजी सकाळीच हळद विकायला वसमतच्या मोंढ्यात गेले होते, ते परत आले, टोपी काढली आणि म्हणाले, "वैनी, हे सकाळचं दुकानात पडून व्हतं." मी तेव्हापासून ओट्यावर बसले आहे. परतीची एकही गाडी थांबली नाही.

सकाळी मी समोरच होते. घराच्या वर, स्लॅबवर, शिजवलेली हळद पसरत होते, तुझ्या दुकानापासून वीस पावलांवर. पांढरी गाडी मी पाहिली. लाल फ्रॉकची एक पोरगी तुझ्या पायरीवर बसून वाटीतून काही खात होती, तेही पाहिलं. पुरुषमाणूस तुझ्या पत्र्याखाली होता, तो दिसला नाही. मला वाटलं, औंढ्याला चाललेली कोणी परगावची माणसं आहेत. पोरगी चमचा उलटा धरत होती. मला हसू आलं, म्हणून मी हातातलं काम थांबवून पाहत राहिले. पाच मिनिटं तरी पाहिलं. मग म्हटलं, लोकाच्या लेकराला नजर लागायची, आणि तोंड फिरवलं.

तू एक हाक मारली असतीस तर मी खाली आले असते. तू चिठ्ठी लिहून गल्ल्यापाशी ठेवलीस, आणि ती आणणारा माणूस गावात नाही हे तुला माहीत होतं. का असं केलंस ते लिही.

मनकर्णा


१३ मार्च २०२५

जाऊबाई,

लिहिते. मला आता लपवायचं काही उरलं नाही.

गाडी थांबली ती माझ्यामुळे. मंजुषाने आदल्या दिवशी विचारलं होतं, काकू, फळीवर सगळं आहे ना? मी आहे म्हटलं. ती स्वतः गाडीतून उतरली नाही. बालाजी पोरीला घेऊन आला. मी कॉर्नफ्लेक्स दुधात घालून दिले, पोरीने पोटभर खाल्ले. चीज, मखाने, बिस्किटं, जे होतं ते सगळं त्यांनी पुढच्या प्रवासाला पिशवीत भरून घेतलं.

मी बालाजीला म्हटलं, तुझी माय समोर स्लॅबवर आहे. त्याने पत्र्याच्या कडेतून वाकून वर बघितलं. म्हणाला, "काम करून राहिली काकू, करू द्या. आता दर्शनाला उशीर व्हऊन राहिला. येताना येतो." येताना ते आले नाहीत. परभणीवरून परस्पर पुण्याला गेले, तसा मंजुषाचा मेसेज आला.

तुम्ही विचारलं, हाक का मारली नाही. मारता आली असती. पायरीवर उभी राहून जाऊबाई म्हटलं असतं तरी पुरलं असतं, देवाने तेवढं माफ केलं असतं. लोकांना मी सांगते आहे की शपथ होती म्हणून चिठ्ठी लिहिली. पण शपथ मला नंतर आठवली. आधी मला बघायचं होतं, तुम्ही वर उन्हात उभ्या आहात आणि तुमची नात माझ्या हातचं खाते आहे. ते मी डोळे भरून बघितलं. मला बरं वाटलं. नंतर चिठ्ठी लिहिली, म्हणजे मी कळवलं नाही असं कोणी म्हणायला नको.

रात्री मला जेवण गेलं नाही, हेही खरं आहे. पण ते तुमच्या काय कामाचं?

रुपा


१६ मार्च २०२५

रुपा,

तुला शिव्या देणारं पत्र मी लिहिलं होतं. चार पानं झाली. चुलीत घातलं, कारण फळी तुझ्याकडे आहे.

मला कळून चुकलं की गाडी माझ्या दारात थांबणार नाही, तुझ्याच दारात थांबेल. म्हणून विचारते. उद्यापासून मी तुझ्या पायरीवर येऊन बसू का? तुझ्याशी बोलणार नाही. सकाळी नऊला येईन, दिवे लागले की जाईन. गिऱ्हाइकांच्या वाटेत येणार नाही. डाळ निवडायची असली तर देत जा, निवडून देईन. आठ वर्षं तुझ्या दुकानाकडे पाठ करून बसले ती बाई आता हे विचारते आहे, यात तुला हवं ते सगळं आलं.

आणि एवढं मात्र लिही. ती काही बोलली का? आवाज कसा आहे तिचा?

मनकर्णा


२ एप्रिल २०२५

जाऊबाई,

उत्तराला उशीर केला, कारण पायरीचं काय सांगावं ते सुचत नव्हतं. पायरी गिऱ्हाइकांची आहे, तुम्ही बसला असता तर मी नको म्हटलं नसतं. पण बोलता बोलता मी ते मंजुषाला सांगून बसले, आणि परवा बालाजीचा फोन आला. हे शेजारी बसले होते आणि फोन मोठ्या आवाजावर होता, तेव्हा मी पदरचं घालून सांगते असं वाटलं तर यांना विचारा.

मे महिन्यात ते वसमतला येणार आहेत आणि पुन्हा दर्शनाला जाणार आहेत. बालाजी म्हणाला, "पोरीला तुमच्याकडंच खाऊ घालतो काकू. पन माय तिथं बसून असली तर आधी फोन करा. मंजुषा म्हन्ते, मंग गाडी थांबवायची न्हाई." मी विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं रे? तो म्हणाला, "रोजची कटकट कोन सोसते?" आणि दुसरं बोलायला लागला.

आता तुम्ही ठरवा. पायरीवर बसाल तर गाडी थांबणार नाही. स्लॅबवर राहाल तर थांबेल. मी पोरीला पायरीच्या उजव्या अंगाला बसवीन, तिथे पत्रा आड येत नाही, तुम्हाला वरून तोंड दिसेल. मात्र हाक मारायची नाही, खाली यायचं नाही, हात हलवायचा नाही. न बोलता राहायची तुम्हाला सवय आहे.

आवाज बारीक आहे. तुमच्याकडे बोट दाखवून तिने विचारलं होतं, "ती आजी पिवळं काय करते?" बालाजी म्हणाला, हळद. मग ती खायला लागली.

रुपा


४ एप्रिल २०२५

रुपा,

भावजींना विचारलं. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि जमिनीकडे पाहत बसले. म्हणजे फोन खरा आहे.

मी वरच थांबते. मे महिन्यात हळद नसेल, पण कुरडया घालता येतील. नुसती बसलेली दिसले तर मंजुषाला संशय येईल. गाडी वसमतहून निघाली की तू दुकानाचं अर्धं दार लोटून घे, म्हणजे मला कळेल आणि मी आधीच वर जाऊन बसेन. गुडघ्यांना जिना चढायला वेळ लागतो. या वेळी खरोखरच दुखतात.

तिने मला आजी म्हटलं, हे तू लिहिलंस त्याबद्दल तुझं भलं होवो. तिला ठाऊक नसताना म्हटलं तरी म्हटलं.

सामानाचं असं कर. चीज आणि मखाने पूर्वीइतकेच ठेव. कॉर्नफ्लेक्सची दोन खोकी जास्त मागव आणि दूध कमी पडू देऊ नकोस. मागच्या वेळी तू तिला लहान वाटी दिली होतीस, ती लवकर संपली. या वेळी मोठी दे, म्हणजे तिला खायला वेळ लागेल.

मनकर्णा